कडू औषधाच्या बाटल्या

आपल्याकडे औषधाची बाटली रिकामी झाली कीं ती बाटलीवाल्याच्या टोपलींत जावयाची, हें ठरलेलें. अमेरिकेंत मात्र चांगले गृहस्थ जुन्या बाटल्यांसाठीं शंभर-दीडशें वर्षांपूर्वींचे उकिरडे आणि शौचकूप उकरीत बसतात, असें तेथें असलेल्या माझ्या पुतण्यानें लिहिलें, तेव्हां मला हंसूं आलें. पुढें त्याच नादाला मीही लागलों.

या बाटल्या ‘बिटर्स’च्या. मुळ्या, साली इत्यादि कडू वनस्पति मद्यार्कांत भिजवून केलेलें हें औषध एकोणिसाव्या शतकांत अग्निमांद्यापासून हिंवतापापर्यंत सर्व विकारांवर खपे. दारूला न शिवणारे सज्जन तें चमच्यानें घेत आणि प्रसन्न दिसत! १९०६ सालीं तिकडे कायदा झाला, मद्याचें प्रमाण चिठ्ठीवर छापणें भाग पडलें, आणि या धंद्याचा भर ओसरला.

औषधापेक्षां कांचच देखणी. न्यूयॉर्कच्या ड्रेकचें ‘प्लँटेशन बिटर्स’ ओंडक्यांच्या झोंपडीसारख्या चौकोनी बाटलींत मिळे. भिंतींवर आडव्या ओंडक्यांच्या वळ्या, वर उतरतें छप्पर, आणि कांचेंतच उठविलेलें १८६२ सालचें पेटंट. ‘नॅशनल बिटर्स’ची बाटली तर मक्याच्या कणसाची.

अशी बाटली हातीं आली तर चिठ्ठी वाचूं नये, बोटानें वाचावें. सांच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ बाटलीच्या कडेनें वर चढते. हातानें फुंकलेल्या बाटलीचें तोंड कारागीर मागाहून घडवी, म्हणून ती रेघ बहुधा मानेवरच विरते. ओवेन्सचें यंत्र १९०३ च्या सुमारास आलें. त्यांत तोंडही सांच्यांतच होतें, आणि रेघ थेट ओठावरून जाते. मग बाटली उलटी करावी. साधारण १८६० पूर्वीं तोंड घडवितांना बाटली पेलण्यासाठीं तळाला दांडा चिकटवीत. तो तोडल्याचा खरबरीत वण तेथें राहतो.

रंगाचें प्रकरण अधिक घातकी. ड्रेकची झोंपडी बहुधा मधासारखी तपकिरी; हिरवी क्वचित्. अक्षरें तींच, पण हिरवीची किंमत कित्येक पटींनीं अधिक. त्यांत पुन्हा किरणोत्सर्गाचा मारा करून साध्या कांचेला दुर्मिळ रंग आणणारे ठकही निघाले आहेत.

गेल्या दिवाळींत पुतण्या घरीं आला, आणि बरेच पैसे मोजून घेतलेली तपकिरी झोंपडी त्यानें माझ्या हातांत ठेवली. सारें घर भोंवतीं जमलेलें. तीस वर्षें मुलांच्या वह्यांवरून फिरलेलें माझें बोट सवयीनें कडेनें वर गेलें. रेघ मानेवर थांबली नाहीं. ओठावरून पलीकडे उतरली. तळ गुळगुळीत, झिजेचा एक ओरखडा नाहीं.

‘‘काका, खरी आहे ना?’’

‘‘सुरेख आहे,’’ मीं म्हटलें. तें खोटें नव्हतें, पण तें उत्तरही नव्हतें.

ती बाटली माझ्या मेजावर आहे. तिच्यांत मोरपीस ठेवलें आहे. परवां त्याचें पत्र आलें कीं, आतां हिरवी घेतों आहें. किंमत दोन महिन्यांच्या पगाराएवढी. हें भाषण त्याच्या कानीं पडण्यापूर्वीं त्याला माझ्याकडूनच कळावें, म्हणून कालच उत्तर टाकलें. पहिल्याच ओळींत लिहिलें आहे: पैसे देण्यापूर्वीं रेघ कोठें थांबते तें पाहा, आणि माझी थांबत नाहीं.