काळ्या दगडातलं पाणी



यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ आपल्या गावाच्या नावाचंच एक राजूर आहे. तिथल्या जमिनीत चुनखडक सापडतो. फार प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला तो दगड भट्टीत सुमारे नऊशे अंश तापवला की त्यातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना हाती येतो. पुढे चंद्रपूरकडे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले, तेही याच दगडामुळे.

आपलं राजूर वेगळ्या, काळ्या दगडावर वसलं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे सगळे डोंगर त्यातूनच घडले. चुनखडी आपल्याकडे मिळते ती बहुधा ओढ्याकाठच्या मातीत, खड्यांच्या रूपात. जुन्या काळी तीच भाजत, विरवत आणि बैलांच्या घाण्यात मळत. भंडारदऱ्याच्या धरणाची 270 फूट उंचीची भिंत दगड-चुन्यातच बांधलेली आहे. 1910 मध्ये सुरू झालेलं ते काम 1926 मध्ये पुरं झालं.

महाराष्ट्रातली अशी कितीतरी कामं वडार समाजाच्या हातांनी उभी राहिली. दगडाची शीर ओळखायची, तिच्यावर छिन्नीनं खाचा घ्यायच्या, पाचरी ठोकायच्या आणि घाव घालायचा. ही विद्या शाळेत कधी शिकवली गेली नाही, आणि तिचा मान आपण अजून राखलेला नाही. आज खाणीत यंत्रानं भोकं पाडतात, सुरुंग लावतात, क्रशरवर खडी होते आणि ती ब्रासच्या हिशेबानं ट्रकमधून जाते. घरं आणि रस्ते आपल्यालाही हवेत, त्यामुळे खडीला सरसकट विरोध करणं मला बरोबर वाटत नाही.

खाण कुठे काढायची, हा माझा प्रश्न आहे. काळा दगड अंगानं घट्ट असतो, पाणी त्याच्यात मुरत नाही. ते राहतं त्याच्या भेगांत, सच्छिद्र थरांत आणि वरच्या मुरमात. डोंगरावर पडलेला पाऊस याच वाटांनी उतरतो आणि पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतो. ट्रकला सोयीचा म्हणून नेमका तोच पायथा कापला, तर पाण्याची वाट तुटते. शंभर इंचांहून जास्त पाऊस झेलणाऱ्या घाटमाथ्यावरही उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन चालतात, कारण डोंगर पाणी धरून ठेवतो ते एवढ्याच जागेत.

आपल्या तालुक्याचा हा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. 1996 च्या पेसा कायद्यानं इथं दगडासारख्या गौण खनिजाचा खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक केली आहे. खाणीसाठीचा अर्ज वाचला जाईल तेव्हा झरे कुठे आहेत, हे गावानं नकाशावर दाखवलं पाहिजे. त्यासाठी दर महिन्याला प्रत्येक झऱ्याखाली एकच घागर धरा आणि ती भरायला किती वेळ लागतो ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. धार बारीक झाली तर ती कधीपासून झाली, हे त्या वहीवरून कोणत्याही कचेरीत दाखवता येईल. हे काम शाळेतली मुलंही करू शकतील, आणि ते येत्या दिवाळीनंतर लगेच सुरू व्हावं.