चार पर्याय आणि एक कविता



साहित्याच्या परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न आले की चांगली वाचणारी मुलेही का अडखळतात, हा माझा आजचा विषय आहे. वसंतातल्या संध्याकाळी मोकळ्या हवेत बसलेल्या श्रोत्यांपुढे परीक्षेचे नाव काढणे फारसे रसिकपणाचे नव्हे, हे मी जाणतो. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी ‘नेट’ किंवा ‘सेट’च्या तयारीत असेल. जून 2012 पासून नेटची परीक्षा संपूर्णपणे पर्यायांची झाली. त्यापूर्वी तिसऱ्या पत्रिकेत निदान काही लिहावे लागे. आता मराठीचा पदवीधर महाविद्यालयात साहित्य शिकविण्यास पात्र आहे की नाही हे या परीक्षेत ठरते, पण त्याने स्वतः लिहिलेले एक वाक्यही तेथे कोणी वाचीत नाही. तेव्हा प्रश्न केवळ मुलांच्या गुणांचा नाही. उद्या आपल्या नातवंडांना कविता कोण शिकविणार, याचा आहे.

या परीक्षेविषयी नेहमी एक तक्रार ऐकू येते. साहित्याला एकच अर्थ नसतो. मग चार पर्यायांतला एकच बरोबर कसा? ही तक्रार ऐकायला मोठी उदात्त वाटते, आणि नापास झालेल्याला तिचा आधारही होतो. मला ती चार आण्यांइतकीच खरी वाटते. उरलेले बारा आणे दुसरीकडे आहेत.

प्रथम एक गोष्ट बाजूला काढू. नेटच्या मराठी पत्रिकेत ग्रंथ आणि ग्रंथकार यांच्या जोड्या लावा, कालानुक्रम लावा, असे प्रश्न भरपूर असतात. ‘यमुनापर्यटन’, ‘मोचनगड’, ‘पण लक्षात कोण घेतो?’, ‘रणांगण’ यांचा क्रम सांगा, असे विचारले तर 1857, 1871, 1890 आणि 1939 ही चार साले पाठ असली की काम झाले. यांतले एकही पुस्तक उघडलेले नसले तरी चालते. ही स्मरणशक्तीची परीक्षा आहे, साहित्याची नव्हे. आणि तिच्यात मुले अडखळतात ती साले पुष्कळ आणि डोके एक म्हणून. एवढे मात्र सांगतो, की खऱ्या वाचकाला इथेही थोडा हात मिळतो. ज्याने ‘रणांगण’ वाचले आहे त्याला युरोप सोडून निघालेली ती बोट आणि तिच्यावरचे निर्वासित ज्यू आठवतील, आणि साल पाठ नसले तरी महायुद्धाच्या तोंडाशी तो बरोबर येऊन पोहोचेल. पाठांतराला असा दुसरा रस्ता नसतो.

खरी अडचण सुरू होते ती उतारा किंवा कविता पुढे ठेवून प्रश्न विचारला जातो तेव्हा. आपण बालकवींची ‘औदुंबर’ घेऊ. आपणां सर्वांना ती पाठ आहे. अवघ्या आठ ओळी. आरंभी झरा, चिमुकले गाव, शेतमळे, वाट असे डोळे निवविणारे चित्र आहे. अखेरीस पाण्यावर काळसरपणा पसरलेला आहे, आणि तेथे एक झाड माणसासारखे बसलेले आहे. आता या कवितेवर मी एक प्रश्न तयार करतो: ‘कवितेच्या एकूण रचनेचे सर्वांत योग्य वर्णन कोणते?’ पर्याय असे. पहिला: निसर्गाच्या आल्हाददायक रूपाचे वर्णन. दुसरा: दत्तात्रेयाचे निवासस्थान असलेल्या वृक्षाविषयीचा भक्तिभाव. तिसरा: कवीला लागलेली स्वतःच्या मृत्यूची चाहूल. चौथा: उजळ रंगांकडून काळोख्या स्तब्धतेकडे जाणारे चित्र.

आपण मनाशी उत्तर दिलेही असेल. पण चुकीच्या तीन पर्यायांकडे पाहा. त्यांतला एकही खोटा नाही! बालकवी निसर्गकवी होते, हे खरे. औदुंबर हा दत्ताचा वृक्ष, हे नरसोबाच्या वाडीला जाऊन आलेल्या कोणालाही सांगायला नको. बालकवी 1918 साली, वयाची अठ्ठावीस वर्षे पुरी होण्याआधी, भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली गेले, हेही खरे. तीनही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्या या आठ ओळींत नाहीत. पहिला पर्याय निम्म्या कवितेला लागू पडतो आणि शेवटाशी मोडतो. दुसरा आपल्या देवघरातून आला आहे, आणि तिसरा कवीच्या चरित्रातून. विद्यार्थी खरे काय आणि खोटे काय ते शोधीत असतो. प्रश्न मात्र विचारीत असतो की येथे काय आहे आणि येथे काय नाही. या दोन शोधांतले अंतर आपण त्याला कधी दाखविलेलेच नसते.

हा केवळ आपल्याकडचा दोष आहे असे समजू नका. केंब्रिज विद्यापीठात 1920 नंतरच्या दशकात आय. ए. रिचर्ड्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांपुढे कवीचे नाव काढून टाकलेल्या कविता ठेवल्या, आणि वाचून काय वाटते ते लिहून मागितले. तेरा कवितांवरची ही उत्तरे त्यांनी 1929 साली विवेचनासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. इंग्रजी साहित्याचा खास अभ्यास करणारी ती मुले. पण ओळींचा सरळ अर्थसुद्धा पुष्कळांना लागला नव्हता. कोणाला कवितेतल्या एखाद्या शब्दावरून स्वतःचीच जुनी आठवण आली आणि ते तिच्यातच रमले. कोणाजवळ प्रत्येक विषयासाठी एक तयार भावना होती. विषय दिसला की ती बाहेर पडे, कविता काही का म्हणेना. अशा दहा अडचणी रिचर्ड्स यांनी नोंदविल्या आहेत. आज कोणीही कसलेला प्रश्नकर्ता चुकीचे पर्याय बनवितो ते नेमके याच अडचणींतून. निखालस खोटा पर्याय कोणी निवडीत नाही, म्हणून तो निरुपयोगी. तयार भावनेतून काढलेला पर्याय मात्र हमखास गिऱ्हाईक मिळवितो.

आणि तयार भावना आपण शाळेत घाऊक पुरवितो. कोणतेही गाईड उघडा. ‘कवीने निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे’, ‘या ओळींतून मानवतेचा संदेश मिळतो’, ‘साध्या सोप्या भाषेत मोठा आशय मांडला आहे’: ही वाक्ये कोणत्याही कवितेला चिकटविता येतात, आणि रसग्रहणाच्या प्रश्नात ती लिहिली की गुणही मिळतात. दहा वर्षे मुलाने हेच केले. मग एके दिवशी त्याच्यापुढे चार पर्याय येतात, आणि त्यांतला एक अगदी त्याच्या ओळखीच्या भाषेत बोलतो. तो त्याचाच हात धरतो. यात मुलाचे काय चुकले?

आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे कमी लक्ष जाते. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत: अभिधा, लक्षणा, व्यंजना. हे आपण पाठ करतो, व्याख्या लिहितो आणि विसरतो. पण प्रश्नपत्रिकेत यांचा रोज उपयोग आहे. ‘कवितेत काय म्हटले आहे?’ हा अभिधेचा प्रश्न. ‘झाड बसले आहे या प्रयोगाने काय साधले?’ हा लक्षणेचा, कारण झाड बसत नाही. ‘शेवटून काय सूचित होते?’ हा व्यंजनेचा. चार पर्यायांत बहुधा तीनही पायऱ्यांवरची उत्तरे मिसळून ठेवलेली असतात. म्हटलेले विचारले असता सुचविलेले निवडले तर उत्तर चूक, मग ते कितीही खोल असो. हुशार मुले चुकतात ती पुष्कळदा इथे. त्यांना साधे उत्तर निवडण्याची लाज वाटते.

आता वेळेचा हिशेब पाहा. नेटच्या दोन्ही पत्रिका मिळून दीडशे प्रश्न आणि तीन तास. म्हणजे एका प्रश्नाला बहात्तर सेकंद. अमेरिकेत शालेय विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयीन पातळीची इंग्रजी साहित्याची एक परीक्षा असते, तिच्यात एका तासात पंचावन्न प्रश्न. कविता एकदा वाचायची आणि मग चार परकी वाक्ये वाचायची. या घाईत असे होते की मुलगा कवितेची तुलना पर्यायाशी करीत नाही, पर्यायाची तुलना पर्यायाशी करू लागतो. कविता मागे राहते.

प्रश्नकर्तेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. न्यूयॉर्क राज्याच्या आठवीच्या परीक्षेत 2012 साली ससा आणि अननस यांच्या शर्यतीची गोष्ट दिली होती. अननस जागचा हलला नाही, ससा जिंकला, आणि बाकीच्या प्राण्यांनी अननस खाऊन टाकला. विनोदासाठीच रचलेली ती विसंगत गोष्ट. तिच्यावर कोणता प्राणी सर्वांत शहाणे बोलला, असा गंभीर प्रश्न! मुले आणि पालक इतके खवळले की ते प्रश्न गुणांतून वगळावे लागले. सेरा होलब्रुक या कवयित्रीची हकीकत याहून प्रसिद्ध आहे. टेक्सास राज्याच्या परीक्षेत आलेल्या आपल्याच कवितांवरचे प्रश्न आपल्याला सोडविता येत नाहीत, असे तिने 2017 साली जाहीर लिहिले. कवयित्रीने कवितेचे दोन भाग का केले, असा एक प्रश्न होता. कविता मोठ्याने म्हणताना मी तेथे थांबते, हे तिचे उत्तर. आणि तेच पर्यायांत नव्हते.

ही हकीकत सांगून लोक म्हणतात, पाहा, पर्यायांची पद्धतच निकामी आहे. मला तसे वाटत नाही. कवयित्रीच्या मनात काय होते हे कागदावर नसते, म्हणून ते विचारणे चूक. त्या विभागणीने वाचकावर काय परिणाम होतो, असे विचारले असते तर तो प्रश्न टिकला असता, आणि त्याच्या उत्तरावर कवयित्रीला इतर वाचकांहून अधिक हक्कही राहिला नसता.

आणि निबंधवजा उत्तरे परत आणली की सर्व ठीक होईल, असेही कोणी समजू नये. ही पर्यायांची पद्धत निघाली तीच मुळी परीक्षकांच्या लहरीला कंटाळून. अमेरिकेत 1912 साली इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती 142 शिक्षकांनी तपासल्या, तेव्हा कोणी शंभरांपैकी 64 गुण दिले तर कोणी 98. त्यानंतर दोनतीन वर्षांतच कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली यांनी एकच उत्तर असलेल्या वाचन-चाचण्या रचल्या. आपल्याकडेही ज्यांनी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले आहेत, ते या आकड्यांना हसणार नाहीत.

मग शिक्षकाने करावे काय? लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आपल्या घरोघरी आहे. त्याचे पहिलेच प्रकरण पुन्हा काढून पाहा. ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे याची मीमांसकांची कसोटी तेथे सांगितली आहे. आरंभ आणि शेवट काय, पुन्हा पुन्हा काय येते, नवे काय सांगितले आहे, स्तुतीसाठी म्हणून आलेला भाग कोणता, असे एकेक पाहत जायचे. हीच कसोटी आठ ओळींच्या कवितेलाही लावता येते. ‘औदुंबर’चा आरंभ आणि शेवट शेजारी ठेवले की माझा पहिला पर्याय आपोआप गळतो.

यापुढे जाऊन एक सोपा प्रयोग आहे. वर्गात पर्याय झाकून ठेवावेत. मुलांनी कविता दोनदा वाचून उत्तर आपल्या शब्दांत एका ओळीत लिहावे, आणि मगच पर्याय उघडावेत. दुसऱ्या दिवशी याच्या उलट करावे: कविता द्यावी, बरोबर उत्तर द्यावे, आणि तीन चुकीचे पर्याय मुलांकडून मागावेत. अट एवढीच, की प्रत्येक पर्याय कोणाला तरी मोहात पाडील असा असावा आणि तो कोणत्या शब्दापाशी कवितेबाहेर जातो ते लिहिणाऱ्याने बोट ठेवून दाखवावे. बहुधा तो शब्द ‘केवळ’ असतो, ‘नेहमी’ असतो, नाहीतर ‘संदेश’ असतो. तीन पर्याय रचायला एक तास पुरत नाही. कधी असेही होते, की मुलाने चुकीचा म्हणून लिहिलेला पर्याय सगळा वर्ग तपासतो आणि त्याला कवितेबाहेर काढता येत नाही. मग पुन्हा कविता वाचावी लागते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे.