पाव सेकंदाचा प्रश्न



खेळाडूंच्या चपळाईवर बोलायला कामगार संघटनेचा माणूस उभा राहिलेला पाहून काहींना नवल वाटेल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे थोडेफार वाचले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीत. परंतु हा विषय जितका मैदानाचा, तितकाच कारखान्याचा आहे. आणि त्याचा उगमच मुळी एका नोकराच्या बडतर्फीत आहे.

इंग्लंडातील ग्रीनिच वेधशाळेत मॅस्केलिन हे राजज्योतिषी होते व किनेब्रुक हा त्यांचा मदतनीस. घड्याळाचे ठोके ऐकत, दुर्बिणीतील धाग्यावरून तारा कोणत्या क्षणी सरकला हे टिपायचे, असे काम. किनेब्रुकची नोंद साहेबांच्या नोंदीपेक्षा ०.८ सेकंदाने मागे पडू लागली. १७९६ साली त्याला घरी पाठवले. पुढे बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने ही हकीकत वाचली आणि निरनिराळ्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या. तेव्हा कळले की नामांकित ज्योतिषांतही असा फरक पडतोच. किनेब्रुक कामचुकार नव्हता! पण हा निवाडा ऐकायला तो जिवंत राहिला नव्हता.

१८५० साली हेल्महोल्ट्झने बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून दाखवले की संदेशालाही प्रवासास वेळ लागतो. १८६८ मध्ये डॉन्डर्स या डच शास्त्रज्ञाने पुढचे पाऊल टाकले: एकाच खुणेला एकच उत्तर द्यायचे असेल तर कमी वेळ लागतो, अनेकांतून निवड करायची असेल तर जास्त.

आता मैदानाकडे वळू. दिवा दिसताच बटण दाबायला धडधाकट तरुणाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. आवाजाला थोडे कमी. २००९ साली बर्लिनला उसेन बोल्टने १०० मीटर ९.५८ सेकंदांत तोडले, तेव्हा बार ऐकून निघायला त्यालाही ०.१४६ सेकंद लागले होते. ०.१०० सेकंदाच्या आत जो हलला तो बाराच्या आधीच निघाला, असे शर्यतीचा नियम धरून चालतो. २०२२ साली युजीन येथे डेव्हन ॲलन हा अडथळ्यांचा धावपटू ०.०९९ सेकंदात हलला आणि अंतिम शर्यतीतून बाद झाला. जगज्जेत्यांनाही तळ आहे, तो असा.

मग फलंदाज जलद चेंडू खेळतो कसा? मॅक्लाऊड या संशोधकाने १९८७ साली कसोटी दर्जाच्या फलंदाजांची परीक्षा घेतली. टप्पा पडल्यावर चेंडू अकल्पित वळला, तर त्यांनाही बॅट वळवायला सुमारे ०.२ सेकंद लागले; म्हणजे तुमच्याआमच्याइतकेच! त्यांचे कसब आधी ओळखण्यात आहे: गोलंदाजाचा हात, चेंडूची दिशा, टप्प्याची जागा. सरावाने वाढते ती ही पारख. मज्जातंतूंचा वेग त्यामानाने फारसा हलत नाही. हलतो तो बहुधा उलट्या दिशेने. झोप मोडली की उत्तर यायला उशीर होतो.

हे सारे यंत्राजवळ आणून पाहा. प्रेसच्या दिशेने हात सेकंदाला दीड मीटर वेगाने जात असेल, तर ०.२ सेकंदात तो ३० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे 'मागे घे' हा हुकूम हातापर्यंत पोचण्याआधीच तो फूटभर आत गेलेला असतो. फलंदाजाला गोलंदाजाचा हात दिसतो. बिघडलेला प्रेस आगाऊ इशारा देत नाही. अन् रातपाळीचा कामगार ताजातवाना खेळाडूही नव्हे. तरी बोट गेले की चौकशीच्या कागदावर शब्द उमटतो, 'निष्काळजीपणा'. असे कागद मी पुष्कळ वाचले आहेत.

१९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या धोक्याच्या भागांना आडोसा घालण्याची सक्ती केली, ती याच शहाणपणातून. 'सावध राहा' ही पाटी लावायला हरकत नाही. पण पाटी म्हणजे जाळी नव्हे. बोल्टला जे साधले नाही ते आठव्या तासाला प्रेसवाल्याकडून मागणे हा न्याय नव्हे.

किनेब्रुकचा निवाडा फार उशिरा लागला. आपल्या चौकशांत तरी तो वेळेवर लागावा, एवढीच मागणी करून मी आपली रजा घेतो.