नोंदवहीबाहेरची सुईण



डफरीन हे नाव सोलापूरकरांना चौकामुळे परिचित आहे. आरोग्यसेवेच्या इतिहासात ते येते ते लेडी डफरीन यांनी १८८५ साली भारतीय स्त्रियांना स्त्री-वैद्यांचे साहाय्य मिळावे म्हणून उभारलेल्या निधीमुळे. पुढे १९०३ साली लेडी कर्झन यांच्या प्रेरणेने व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी निघाला. परंपरागत सुईणींना शिक्षण द्यावे, हा त्याचा उद्देश होता.

हेतू चांगलाच होता. अस्वच्छ हातांनी आणि गंजक्या विळ्याने कित्येक बाळंतिणी व अर्भके दगावत, हे नाकारता येणार नाही. परंतु ही सुईण होती कोण? महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ती मांग किंवा अस्पृश्य मानलेल्या दुसऱ्या एखाद्या जातीतील स्त्री असे. विटाळाचे ठरवलेले काम समाजाने तिच्या माथी मारले आणि मोबदला म्हणून तिच्या पदरात धान्य, जुने लुगडे व चार नाणी टाकली. तिला स्वच्छतेचा उपदेश करणे सोपे होते. साबण, स्वच्छ पाणी आणि निर्वाहापुरते वेतन देणे मात्र खर्चाचे होते. सरकारी अहवालांनी सारा दोष तिच्या अज्ञानावर टाकला. तिच्या दारिद्र्याचा हिशेब त्यांत क्वचितच मांडलेला आढळतो.

त्याच काळात शिक्षित परिचारिकेचा नवा पेशा आकार घेत होता. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन स्थापन केले. संस्थेने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिका घडविल्या. सोलापुरातही तिची शाखा उभी राहिली. विधवा स्त्रीने परक्या रुग्णाची सेवा करून स्वतःची भाकर मिळवावी, ही त्या काळी लहान क्रांती नव्हती.

ह्या पेशाला कायद्याचे अधिष्ठान हवे होते. इंग्लंडात सुईणींचा कायदा १९०२ साली व परिचारिका-नोंदणीचा १९१९ साली झाला. मद्रास इलाख्याने १९२६ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९३५ मध्ये नोंदणीचा कायदा केला. शिक्षणाला दर्जा आला, परीक्षेला अर्थ आला, परिचारिकेला समाजात मान मिळू लागला.

तथापि अर्थशास्त्राचा एक साधा नियम येथे लक्षात घ्यावा लागतो. नोंदणीने गुणवत्तेची खूण पटते. पुरवठा वाढत नाही. त्यासाठी शाळा, वसतिगृहे, विद्यावेतन आणि नोकऱ्या लागतात, म्हणजे सार्वजनिक पैसा लागतो. परकीय सरकारने नोंदवही दिली, पैसा दिला नाही. १९४६ साली भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका आणि ६०,००० लोकांमागे एक प्रशिक्षित सुईण होती. नोंदवहीतली सुईण गिरणगावच्या चाळीपर्यंत आणि खेड्यातल्या झोपडीपर्यंत पोहोचलीच नाही. तेथे रात्री-अपरात्री धावून गेली ती नोंदवहीबाहेरचीच.

स्वातंत्र्यानंतर चित्र पुष्कळ पालटले. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आणि १९६६ साली महाराष्ट्राचा स्वतंत्र परिचारिका अधिनियम झाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील सुमारे ९५ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होतात. हे यश लहान नव्हे.

परंतु विडी वळणाऱ्या गरोदर बाईची विचारपूस करून तिला दवाखान्यापर्यंत आणणारी आज कोण आहे? २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून पुढे आलेली आणि नंतर शहरांतील वस्त्यांतही पोहोचलेली ‘आशा’. तिला सरकार स्वयंसेविका म्हणते. वेतन नव्हे, मानधन व कामागणिक मोबदला देते. त्यासाठीच २०२३ साली महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले. सुईणीला लुगडे मिळे, आशेला मानधन मिळते. सेवा अत्यावश्यक, परंतु सेविका कर्मचारी नव्हे, हे सूत्र मात्र तेच आहे.

म्हणून चळवळीची मागणी केवळ मानधनवाढीपुरती राहता कामा नये. आशेला पद्धतशीर शिक्षण, त्याची अधिकृत नोंद आणि कामगाराचा पूर्ण दर्जा मिळाला पाहिजे. हे तिन्ही एकत्र मिळाले नाहीत, तर नोंदवही पुन्हा एकदा श्रमणाऱ्या स्त्रीला दाराबाहेर ठेवण्याचेच साधन ठरेल.