काम तडीस नेणारीं माणसें

एखादें मोठें बांधकाम पुरें झालें म्हणजे शिळेवर नांव कोरलें जातें तें बहुधा आराखडा काढणाराचें, नाहीं तर पैसा मंजूर करणाराचें. ज्यानें माणसें जमविलीं, टिकविलीं, त्यांचे तंटे मिटविले आणि पावसाळ्यापूर्वीं अमुक इतकें झालेंच पाहिजे हा हिशेब रोज डोक्यांत वागविला, त्याचें नांव सहसा मागें राहतें. लग्नघरांत वाखाणणी होते ती जिलबीची. कोठीच्या किल्ल्या कमरेला लावून पहाटेपासून उभ्या असलेल्या बाईची आठवण मांडव उतरल्यावर कितीजणांना राहते? अशा व्यवस्थापकाच्या अंगीं कोणते गुण लागतात हें पाहण्यास पुण्या-मुंबईच्या माणसाला दूर जावयास नको. कर्जतहून लोणावळ्याकडे गाडी चढूं लागली कीं तो सारा इतिहास खिडकीबाहेर उभा असतो.

बोरघाटाचा लोहमार्ग आंखला तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली यांनीं. सुमारें १६ मैलांत १,८३१ फूट चढण, २५ बोगदे आणि दऱ्यांवरून जाणारे उंच दगडी पूल असा तो आराखडा होता. १८५६ सालीं कामास आरंभ झाला. कंत्राट घेतलेले विल्यम फॅव्हिएल हे कांहीं नवखे गृहस्थ नव्हते. मुंबई-ठाणें या पहिल्या मार्गाच्या कामांत त्यांचा भाग होता. आराखडा चोख, पैसा उपलब्ध, कंत्राटदार अनुभवी. तरीहि तीन वर्षांनीं, १८५९ च्या मार्चांत, त्यांनीं काम सोडून दिलें.

कारणें अनेक होतीं. या घाटांत काम करण्याजोगे महिने वर्षांतून आठच. पावसाळा लागला कीं सारें थांबे आणि मजूर आपापल्या गांवीं परतत. दिवाळीच्या सुमारास पुन्हां नव्यानें जमवाजमव. उन्हाळ्यांत पाण्याची टंचाई. उभ्या कड्यांवर पाय ठेवण्यास जागा नसे, तेव्हां माणसांना दोरानें खालीं सोडून सुरुंगाचीं भोकें पाडावीं लागत. त्यांत पटकीची सांथ. परंतु या सर्व अडचणी पुढें काम तडीस नेणारांच्या वांट्यालाहि आल्याच. म्हणून खरें बोट ठेवावें लागतें तें १८५९ च्या जानेवारींतील घटनेवर.

त्या महिन्यांत घाटांतील मजुरांनीं दंगा केला आणि युरोपियन देखरेखवाल्यांवर चाल केली. मूळ दुखणें होतें मजुरी थकल्याचें. मुख्य कंत्राटदार आणि दगड फोडणारा मजूर यांच्यामध्यें पोटकंत्राटदार, मुकादम अशी उतरंड होती. वरून निघालेला रुपया तळापर्यंत पोंचतो कीं नाहीं, आणि पोंचला तर किती महिन्यांनीं, हें पाहणारें कोणी नव्हतें. मुंबईच्या कचेरींतील वहींत पैसे दिल्याची नोंद असेल. घाटांतल्या झोंपडीला त्या नोंदीचा काय उपयोग? गांवीं परतलेला मजूर पुढच्या हंगामांत पुन्हां घाट चढेल कीं नाहीं, हें सर्वस्वीं त्याच्या पदरांत काय पडलें यावर अवलंबून. सार्वजनिक कामांवरील मजुरीच्या तंट्यांचा निकाल लौकर लागावा यासाठीं १८६० सालीं सरकारला कायदा करावा लागला. जो व्यवस्थापक नकाशा रोज उलगडतो पण पगारवांटपाच्या दिवशीं जागेवर हजर नसतो, त्याला निम्मेंच काम ठाऊक असतें.

फॅव्हिएल यांच्यामागून सॉलोमन ट्रेडवेल आले. इंग्लंडांत त्यांची मोठी ख्याति होती. येथें उतरल्यावर थोड्याच आठवड्यांत, १८५९ च्या नोव्हेंबरांत, त्यांना मृत्यूनें गांठलें. बरोबर आलेली पत्नी अ‍ॅलिस परक्या मुलुखांत विधवा झाली. कंत्राट परत करून पहिल्या जहाजानें स्वदेशीं जाणें तिला सहज शक्य होतें, आणि कोणी तिला नांवें ठेवलीं नसतीं. तिनें कंत्राट स्वतःकडे ठेवलें.

आतां, ही बाई हातांत छत्री घेऊन बोगद्याबोगद्यांतून हुकूम देत हिंडत होती, असें चित्र रंगविण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरलेला बरा. तिनें केलें तें याहून अवघड होतें: ॲडमसन आणि क्लाउझर या दोन इंजिनियरांच्या हातीं कामाचीं सूत्रें सोंपविलीं. माणसें पारखावयाचीं, अधिकार द्यावयाचा, आणि दिल्यावर तो परत ओढूं पाहावयाचें नाहीं, ही गोष्ट मोठमोठ्या कर्तबगार पुरुषांनाहि साधत नाहीं. ज्याला सर्व कांहीं स्वतः येतें, त्याचा हात तर विशेषच शिवशिवतो!

त्या दोघांच्या हाताखालीं काम चढत्या वेगानें चाललें. १८६१ सालीं घाटांत एका वेळीं ४२,००० माणसें राबत होतीं. त्याच वर्षीं प्रकृति ढासळल्यामुळें बर्कली इंग्लंडला परतले आणि १८६२ च्या ऑगस्टांत निवर्तले. ज्याच्या मस्तकांत हा मार्ग प्रथम उगवला तो पुरुष गेला, तरी सुरुंग ठरल्या वेळीं उडत राहिले; कारण तोंपर्यंत हें काम कोणा एकाच्या उपस्थितीवर अवलंबून राहिलें नव्हतें. १८६३ च्या एप्रिलच्या २१ तारखेस गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें मार्ग खुला झाला. पटकीनें आणि अपघातांनीं दगावलेल्या मजुरांचीं नांवें मात्र त्या समारंभांत कोणी वाचलीं नसतील.

या यशाचा हिशेब येथेंच बंद करणें सोयीचें होईल, परंतु प्रामाणिक होणार नाहीं. १८६७ च्या जुलैंत, ऐन पावसाळ्यांत, याच घाटांतील एक मोठा दगडी पूल कोसळला. त्या सुमारास कंपनीच्या इतरहि पुलांचें चिरेबंदी काम निकृष्ट असल्याचें उघडकीस आलें. बोगदे किती खणले हें मोजतां येतें, मजूर किती आले हेंहि मोजतां येतें. भिंतीच्या पोटांत चुना पुरेसा भरला कीं नुसती खडी लोटली, हें दर्जा बांधीत असतांनाच वाकून पाहावें लागतें. तारीख गांठण्याची घाई लागलेल्या कामावर तसें वाकून पाहणारा माणूस सर्वांनाच नकोसा होतो. बोरघाटांत तो नव्हता, किंवा असला तरी त्याचें कोणी ऐकलें नाहीं.