शक्य होते, पण घडले का?

(हीरक महोत्सवी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी शाळेच्या यशाचा आढावा घेण्याचा प्रघात आहे. तो अहवालात आहेच. मी मात्र आज माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे.

आठवीच्या इतिहासाच्या तासाला एका मुलाने विचारले, "बाई, कोलंबसाच्या आधी रोमन लोक अमेरिकेत पोहोचले होते का? मोबाइलवर तसं दाखवतात." "छे, अशक्य!" असे म्हणून मी फळ्याकडे वळले. मुलगा निमूटपणे खाली बसला. त्या रात्री पुस्तके काढून बसले, तेव्हा उमगले की 'अशक्य' हा शब्द ज्ञानातून नव्हे, आळसातून आला होता.

दुसऱ्या शतकातील लेखक लुशियन याने वर्णिलेले 'आयसिस' हे धान्यवाहू जहाज सुमारे 55 मीटर लांब होते. कोलंबसाचे जहाज त्याच्या निम्म्याहूनही लहान होते. रोमनांना महासागराचे भयही नव्हते. एका इजिप्शियन बंदरातून वर्षाला 120 जहाजे भारताकडे निघत, असे स्ट्रेबो सांगतो. मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन ती आपल्या किनाऱ्याला लागत. अटलांटिकमधील कॅनरी बेटांची माहितीही प्लिनीने नोंदवली आहे. पुढे 1492 मध्ये कोलंबस याच बेटांवरून निघाला आणि पूर्वेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांच्या बळावर सुमारे पाच आठवड्यांत पलीकडे पोहोचला. तेव्हा एखादे रोमन जहाज वादळात भरकटून तिकडे गेले असणे अशक्य नाही.

परंतु भारताकडे येणारा रोमन खलाशी अज्ञातात शिरत नव्हता. अरब आणि भारतीय दर्यावर्दी त्या वाटेने आधीपासून ये-जा करीत होते. मिरी आणि मलमलीचा व्यापार होता, परतीचा वाराही ठाऊक होता. अटलांटिकपलीकडे ना बाजारपेठ माहीत होती, ना परतीची वाट. परतायचे तर बरेच उत्तरेला जाऊन पश्चिमेचे वारे गाठावे लागतात. भरकटलेले जहाज पोहोचले असते, तरी त्याची वार्ता रोमला कळणे जवळजवळ असंभव होते.

आणि पुराव्याचे काय? रोमन जेथे गेले, तेथे खुणा राहिल्या. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू येथे मद्याच्या रांजणांची खापरे मिळाली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती सापडली. मेक्सिकोत 1933 मध्ये रोमन धाटणीचा मानला जाणारा मातीचा एक लहानसा मुखवटा मिळाला खरा. पण त्या उत्खननाच्या पुरेशा तपशीलवार नोंदी नाहीत. कोणीतरी थट्टेने तो तेथे ठेवला असावा, अशीही शंका घेतली गेली. एवढ्या आधारावर इतिहास उभा राहत नाही.

याउलट नॉर्स लोकांच्या सागरी कथा दीर्घकाळ दंतकथाच वाटत. 1960 मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर त्यांच्या वस्तीचा शोध लागला. लोहाराची भट्टी, लोखंडी खिळे आणि चातीची एक दगडी चकती मिळाली. तेथील लाकूड इसवी सन 1021 मध्ये तोडले गेले, हेही आता सिद्ध झाले आहे. चातीच्या चकतीसारख्या क्षुल्लक वस्तूंनी दंतकथेचा इतिहास केला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझे उत्तर मागे घेतले. फळ्यावर दोन शब्द लिहिले : 'शक्य' आणि 'सिद्ध'. या दोहोंमधले अंतर ओळखता येणे, हेच शिक्षण. पालकहो, घरी मूल एखादी अद्भुत गोष्ट सांगत आले, तर त्याला हसू नका आणि लगेच मानही डोलावू नका, "हे कशावरून?" एवढेच विचारा.

त्या मुलाने मला पुन्हा प्रश्न केला, "बाई, उद्या खरंच पुरावा सापडला तर?"

मी म्हणाले, "तर मी माझं उत्तर पुन्हा बदलेन."

या वेळी तो हसत खाली बसला.