नद्यांच्या जुन्या वाटा, समुद्राच्या गाळात



नदीने पात्र बदलले की जमिनीवरच्या जुन्या खुणा हळूहळू बुजतात. पण तिने वाहून नेलेला गाळ समुद्रतळाशी थरावर थर साचत राहतो. तो कोणत्या डोंगरातून आला, हे त्यातल्या निओडिमियम या मूलद्रव्यावरून ओळखता येते.

खडकातल्या समारियम-१४७ च्या किरणोत्सारी क्षयातून निओडिमियम-१४३ तयार होते. त्याचे निओडिमियम-१४४ शी असलेले प्रमाण हिमालयातल्या प्राचीन खडकांत कमी, तर काराकोरम आणि कोहिस्तानच्या खडकांत जास्त असते. खडक झिजून त्याचा चिखल झाला, तरी ही ओळख बहुतांशी टिकते.

अरबी समुद्रातला सिंधूचा गाळ असाच तपासून भूवैज्ञानिक पीटर क्लिफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००५ मध्ये निष्कर्ष मांडला: पंजाबातल्या नद्या पूर्वी गंगेकडे वाहत असाव्यात आणि गेल्या ५० लाख वर्षांत त्या सिंधूला मिळाल्या. मात्र धूप होण्याची जागा बदलली, तरीही गाळाची रासायनिक ओळख बदलते. त्यामुळे या निष्कर्षावर संशोधकांमध्ये मतभेद आहेत.

२०१५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय मोहिमेने आपल्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या लक्ष्मी खोऱ्यात सागरतळ खोदला. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञही त्यात होते. तिथे सिंधूच्या गाळासोबत पश्चिम भारतातून आलेला गाळही मिळाला. दख्खनचा बेसाल्ट खडक रासायनिकदृष्ट्या वेगळा असल्याने हे दोन गाळ निराळे ओळखता येतात.

नद्यांचा प्रदीर्घ इतिहास समजून घ्यायचा, तर डोंगरांइतकाच सागरतळाचाही अभ्यास व्हायला हवा.